निकालाआधीचा निकाल

अमेरिकेतील १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा विषय निघाला की एक छायाचित्र हटकून आठवते. सेंट लुइसच्या स्थानकात आगगाडीच्या मागच्या सज्जात उभे राहून हॅरी ट्रूमन एक वृत्तपत्र उंच धरून हसत आहेत, आणि त्या पत्राचा मथळा त्यांच्याच पराभवाची वार्ता देत आहे. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ची ही फजिती जगाने चवीने चघळली. पण त्या हशात खरा प्रश्न बाजूला पडला, असे मला वाटते.

‘ट्रिब्यून’चे सर्वेसर्वा कर्नल मॅकॉर्मिक हे ट्रूमन यांच्या पक्षाचे हाडवैरी; आणि ते वैर त्यांनी कधी लपविले नाही. उघड वैराची वजावट वाचक मनातल्या मनात करू शकतो. त्या वर्षी बहुसंख्य दैनिकांच्या अग्रलेखांनी टॉमस ड्यूई यांचा पुरस्कार केला, तो संपादकांचा हक्कच होता. बिघाड झाला तो बातम्यांच्या रकान्यांत.

ट्रूमन यांनी आगगाडीने हजारो मैलांचा दौरा केला. लहानसहान स्थानकांवरही लोकांची दाटी होई. बरोबरचे वार्ताहर ती पाहत होते, तिची वर्णनेही धाडीत होते. परंतु ‘राष्ट्राध्यक्ष पाहण्याचे कुतूहल’ एवढाच अर्थ तिला लावीत होते. डोळ्यांनी पाहिले ते खोटे आणि चाचण्यांचे आकडे खरे! त्या आकड्यांची कथा तरी काय? एल्मो रोपर यांनी निकाल ठरल्यातच जमा धरून सप्टेंबरातच नवे आकडे प्रसिद्ध करणे थांबविले होते. ‘न्यूजवीक’ने ५० राजकीय वार्ताहरांना कौल विचारला, एकानेही ट्रूमन यांचे नाव घेतले नाही. ‘लाइफ’ने तर मतदानापूर्वीच ड्यूई यांच्या छायाचित्राखाली त्यांचा उल्लेख भावी राष्ट्राध्यक्ष म्हणून केला. या सर्वांनाच ड्यूई प्रिय होते असे नव्हे. ते एकमेकांचे लेखन वाचत होते, आणि त्यालाच लोकमत समजत होते. निकालानंतर ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जेम्स रेस्टन यांनी आपल्याच संपादकांना पत्र लिहून वार्ताहरांच्या या एकलकोंडेपणाची कबुली दिली.

ट्रूमन यांना ३०३ निर्वाचक मते मिळाली, ड्यूई यांना १८९. मात्र ओहायो, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय येथील फरक निसटता होता. तिन्ही राज्ये फिरती तर ड्यूईच अध्यक्ष होते. तेव्हा त्या पंडितांना ठार आंधळे म्हणणे अन्यायाचे होईल.

राहता राहिला तो मथळा. ‘ट्रिब्यून’च्या जुळाऱ्यांचा संप चालू असल्याने अंक नेहमीपेक्षा लवकर छापावयास द्यावा लागला, मतमोजणीला थांबण्यास सवड नव्हती. हा संप टॅफ्ट-हार्टले कायद्यावरून चिघळला होता, आणि १९४७ मध्ये नकाराधिकार वापरून तो कायदा अडविण्याचा प्रयत्न ट्रूमन यांनीच केला होता. काँग्रेसने तो नकार झुगारला. शिकागो ज्या राज्यात आहे, त्या इलिनॉयची मतेही शेवटी ट्रूमन यांच्याच पारड्यात पडली.