पॉलिमर आणि द्रवस्फटिक : प्रस्तावना

कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती १९१९ साली. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालयही त्याच वर्षीचे. कृष्णाकाठच्या शेतकरी घरांतली मुले-मुली विज्ञानाच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली ती अशा संस्थांच्या आधारावर. त्यांना नजरेसमोर ठेवूनच एका सुंदर विषयाची ही ओळख लिहिली आहे.

१८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट जणू दोनदा वितळताना दिसले. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो नितळ झाला. मधली ती अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. त्याच्या सर्वात साध्या प्रकारात, नेमॅटिकमध्ये, रेणू लोणंद-फलटणच्या वाटेवरल्या वारकऱ्यांसारखे असतात : जागा बदलत राहते, दिशा मात्र एकच.

पॉलिमरची लांब, वेटोळी साखळी या शिस्तीत सहसा सामावत नाही. गरम असताना दोन्ही एकजीव असतात. मिश्रण निवू लागले आणि रेणूंनी दिशा धरली, की साखळी बाहेर ढकलली जाते व द्रवस्फटिकाचे थेंब वेगळे होतात. मिसळण्याचा हिशेब फ्लोरी-हगिन्स सिद्धांत मांडतो, दिशेचा मायर-झाउपे. माझ्या मते या विषयाची खरी गोडी दोन्ही हिशेब एकत्र मांडण्यात आहे. विजेचा दाब देताच पारदर्शक होणारी दुधी काच याच थेंबांवर चालते. किती द्रवस्फटिक थेंबांत उतरले आणि किती पॉलिमरमध्येच विरघळून राहिले, यावर तिचा दर्जा बराचसा ठरतो.

वाचकांनी सुरुवात सूत्रांपासून करू नये, सूक्ष्मदर्शकापासून करावी. '५सीबी' हे परिचित द्रवस्फटिक सुमारे ३५ अंशांना नितळ होते. सांगलीतल्या वैशाखी दुपारी ते बाटलीतच साधा द्रव होऊन बसेल, म्हणून खोलीचे तापमान आधी टिपा. मग त्यात वजनाने मोजून थोडे पॉलिस्टायरीन मिसळा, काचपट्टी तापवा आणि सावकाश निववा. आडव्या-उभ्या ध्रुवकांमधून पाहताना नितळ मिश्रण काळे दिसते. पहिला थेंब चमकला की तापमान लिहा. एक सावधगिरी बाळगा. दिशा न धरताच वेगळे झालेले थेंब त्या काळोखात दिसत नाहीत, तेव्हा एक ध्रुवक काढून साध्या प्रकाशातही पाहा.

पॉलिमरचे प्रमाण बदलत हेच पुन्हा करा आणि तापमानाचा आलेख स्वतःच्या हाताने काढा. तो शेजारी ठेवूनच पुढची प्रकरणे वाचावीत, एवढी विनंती.