वैद्यनाथ आणि त्याचा ग्रीक भाऊबंद

बीड जिल्ह्यातील परळीच्या वैजनाथाचे दर्शन आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेले असेल. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात त्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. पण या देवाला वैद्यांचा नाथ का म्हणतात, याची कथा निरखून पाहण्याजोगी आहे. समुद्रमंथनातून धन्वंतरी आणि अमृत बाहेर आले. असुर त्यांवर धावले, तेव्हा विष्णूने दोन्ही शिवलिंगात लपविली. असुरांनी लिंगाला हात घालताच ज्वाळा उसळल्या. भक्तांनी स्पर्श केला तेव्हा अमृताची धार लागली. परळीस लिंगाला हात लावून दर्शन घेण्याची जी प्रथा आहे, तिचे मूळ लोक या कथेत सांगतात.

कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाला येथे एक शंका येते. वासुकीचा दोर ओढायला असुरही होतेच, आणि तेही तोंडाकडच्या बाजूला, विषारी फूत्कार झेलीत! श्रम दोघांचे, वाटप मात्र एकालाच. कथाकार असुरांना दुष्ट ठरवून मोकळा होतो; पण औषध कोणाच्या हाती लागावे, हा प्रश्न कथेच्या पोटात राहतोच.

ग्रीकांचा वैद्यदेव अस्क्लेपिओस हा अपोलोचा मुलगा. त्याने मेलेला माणूस उठविला, म्हणून झ्यूसने त्याला वज्राने मारले. पिंडार कवी म्हणतो, त्याने हे सोन्याच्या लोभाने केले. प्लेटोला ते पटेना. तो म्हणतो, देवाचा मुलगा असेल तर लोभी नसणार, आणि लोभी असेल तर देवाचा मुलगा नसणार. म्हणजे वैद्याच्या फीचे भांडण तेव्हापासूनचे!

एपिदॉरस येथे या देवाचे मोठे क्षेत्र होते. रोगी तेथे रात्री एका ओसरीत निजत आणि देव स्वप्नात येऊन उपचार करी, अशी श्रद्धा होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात कोरलेल्या शिलालेखांत अशा हकीकती आहेत. थासोसचा हर्मोन हा आंधळा बरा झाला, पण त्याने दक्षिणा दिली नाही. देवाने त्याला पुन्हा आंधळे केले. तो परत येऊन निजला, तेव्हा पुन्हा दृष्टी आली. पगारातून कामगार विम्याची वर्गणी भरणाऱ्या बजाजनगरच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. मला आवडतो तो मुतखड्याने बेजार झालेला लहानगा युफानेस. काय देशील, असे देवाने विचारले. पोर म्हणाले, दहा सागरगोटे. देव हसला, आणि सकाळी पोर बरे होऊन बाहेर पडले.

पण याच क्षेत्राच्या आवारात कोणी मरू नये, कोणी बाळंत होऊ नये, असा कडक नियम होता. पौसानियस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे गेला होता. तो सांगतो की, मरणाऱ्यांना आणि बाळंतिणींना उघड्यावरच पडावे लागे. त्याच्याच काळात अँटोनिनस नावाच्या रोमन सिनेटराने त्यांच्यासाठी एक घर बांधून दिले.