नकाशावरचे अंतर, घड्याळातला वेळ

काशीद आणि मुंबई जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. अक्षांशांतला फरक आम्ही नकाशावर पाहिला, तो २९ मिनिटे. एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५ किलोमीटर, म्हणून सरळ अंतर सुमारे ५४ किलोमीटर. खाड्यांना वळसे घालणारा रस्ता मात्र दुपटीहून लांब!

हाच हिशेब १५ ऑक्टोबर १९३२च्या उड्डाणाला लावू. इंग्लंडहून विमानाने कराचीला आलेले टपाल जे. आर. डी. टाटांनी पस मॉथमधून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. अंतर सुमारे १,०४० किलोमीटर. वेग ताशी १६० धरला तर साडेसहा तास. प्रत्यक्षात सकाळी ६.३५ ते दुपारी १.५०, म्हणजे सव्वासात. उरलेल्या पाऊण तासात अहमदाबादचा थांबा आलाच. तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते.