यावत्तावत् ते सहगुणक रूप : बहुपदीची कुळकथा आणि वऱ्हाडचे गणिती

अज्ञात राशीचे निरनिराळे घात, त्यांना गुणणाऱ्या संख्या आणि एखादी सुटी संख्या यांची बेरीज-वजाबाकीने जोडलेली जी मांडणी, तिला बीजगणितात बहुपदी म्हणतात; मात्र त्या मांडणीतला प्रत्येक घातांक पूर्ण संख्याच असावा लागतो. मेहकरच्या शाळेत नववीचा विद्यार्थी आज ही बहुपदी शिकतो, तेव्हा तिची पदे उतरत्या घातांनी लावणे, सरूप पदे तेवढी एकत्र करणे आणि नसलेल्या पदाच्या जागी शून्य लिहिणे हे नियम त्याला नव्या काळाचे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः या नियमांचे एक मोठे कूळ दख्खनच्या भूमीत वाढले असून, नियमामागचे कारण विचारण्याची त्यातली परंपरा सोळाव्या-सतराव्या शतकांत ज्या घराण्यांनी जोपासली, त्यांची मूळ गावे मेहकर ज्या वऱ्हाड प्रांतात होते त्याच प्रांतातली होती.

या कुळाचा लिखित आरंभ ब्रह्मगुप्तांच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या इ. स. ६२८ मधील ग्रंथाशी जोडता येतो, कारण धन, ऋण आणि शून्य यांच्याबरोबरच अव्यक्त राशींवर करायच्या क्रियांचे नियम त्यात एकत्र आढळतात. अव्यक्त म्हणजे जिची किंमत अजून उघड झालेली नाही अशी राशी. पुढे सुमारे पाच शतकांनी, १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास रचलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात या नियमांना सुसंघटित रूप मिळाले. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे सांगितले आहे, आणि त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे.

भास्कराचार्यांच्या लेखनपद्धतीत पहिली अज्ञात राशी ‘यावत्तावत्’, तर पुढच्या राशी काळक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नावांनी ओळखल्या जात, आणि लिहिताना प्रत्येकीचे आद्याक्षर तेवढे घेतले जाई : या, का, नी, पी. अज्ञाताच्या वर्गासाठी ‘याव’, घनासाठी ‘याघ’, चौथ्या घातासाठी ‘यावव’ आणि सुट्या संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप, अशी खूण असे. पदाची गुणक संख्या, जिला आज सहगुणक म्हणतात, ती खुणेनंतर येई आणि संख्या ऋण असेल तर तिच्यावर टिंब दिले जाई. बेरीज-वजाबाकी समान जातीच्या पदांचीच करावी आणि भिन्न जातीची पदे शेजारी शेजारी वेगळी ठेवावीत, हा त्यांचा नियम म्हणजेच आजचा सरूप पदांचा नियम होय. गुणाकारात अव्यक्ताने अव्यक्ताला गुणले की वर्ग, वर्गाला गुणले की घन, आणि दोन भिन्न अज्ञातांचा गुणाकार झाला की ‘भावित’ नावाचे नवे पद निर्माण होते, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे संख्या ठाऊक नसतानाही तिच्याशी नियमबद्ध व्यवहार करता येतो, ही बहुपदीमागची मूळ कल्पना त्यांच्यापाशी पूर्णपणे स्पष्ट होती.

या पद्धतीचे सामर्थ्य त्यांच्याच एका उदाहरणात दिसते. एका राशीच्या चौथ्या घातातून तिच्या वर्गाची दुप्पट आणि तिची चारशे पट वजा केली असता ९९९९ उरतात, तर ती राशी कोणती, असा तो प्रश्न आहे. मांडणीत वरच्या ओळीला ‘यावव १, याव २, या ४००, रू ०’ असे लिहून २ आणि ४०० यांवर ऋणाचे टिंब दिले जाते, आणि खालच्या ओळीला ‘यावव ०, याव ०, या ०, रू ९९९९’ असे लिहिले जाते, जेणेकरून समान जातीचे पद बरोबर समान जातीच्या पदाखाली येते. आता दोन्ही ओळींत चार वर्ग, चारशे अव्यक्त आणि एक रूप मिळवले, तर वरच्या ओळीत चौथा घात, दोन वर्ग आणि एक रूप राहते, जो ‘एक वर्ग अधिक एक’ याचा पूर्ण वर्ग आहे. खालच्या ओळीत चार वर्ग, चारशे अव्यक्त आणि दहा हजार रूपे येतात, जो ‘दोन अव्यक्त अधिक शंभर’ याचा पूर्ण वर्ग आहे. दोहोंची वर्गमुळे घेतली की चौथ्या घाताचे समीकरण साध्या वर्गसमीकरणावर उतरते आणि राशी ११ मिळते. नेमके काय मिळवावे हे येथे कोणताही ठरीव नियम सांगत नाही, ते बुद्धीनेच शोधावे लागते, असा भास्कराचार्यांचा अभिप्राय आहे, आणि अवयव पाडताना मधले पद कसे फोडावे हे शोधणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याचा अनुभवही याहून निराळा नाही.

याच वर्गसमीकरणातून आजचा विद्यार्थी ऋण ९ हे दुसरे उत्तरही काढील, आणि पडताळा घेतल्यास तेही मूळ प्रश्नाला जुळते. अशा ऋण राशींविषयी भास्कराचार्य मात्र सावध होते. वानरांच्या एका कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला असता तितके वानर गुहेत गेले आणि एक झाडावर दिसला, या त्यांच्या प्रश्नाची ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. पण ५ घेतल्यास पाचव्या भागातून, म्हणजे एकातून, तीन वजा करावे लागतात आणि राशी ऋण होते, जी लोकांच्या प्रत्ययाला येत नाही, म्हणून ते उत्तर त्यांनी सोडून दिले. ऋण संख्येला व्यवहारात अर्थ कोणता, हा प्रश्न त्यामुळे उघडाच राहिला, आणि त्याला भिडण्याचे काम पुढच्या टीकाकारांकडे आले.

येथून ही कथा वऱ्हाडात येते. ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारांची, म्हणजे मोठ्या महसुली विभागांची, यादी आहे तिच्यात मेहकर आणि पाथरी ही दोन्ही नावे आढळतात. ग्रंथकारांनी पार्थपूर म्हणून उल्लेखिलेले गाव म्हणजे ही पाथरी असे मानले जाते, आणि तेथील ज्ञानराज यांनी १५०३ मध्ये ‘सिद्धांतसुंदर’ रचला, तर त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली. दुसरे घराणे पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पयोष्णी म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातूनही वाहणारी पूर्णा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. या घराण्यातील बल्लाळ काशीस जाऊन राहिले, आणि त्यांचे पुत्र कृष्ण दैवज्ञ यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. कृष्ण दैवज्ञांचे गुरू विष्णू हे ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांच्या पुतण्याचे शिष्य होते, म्हणजे कोकणातल्या नांदगावची गणितविद्या गुरुपरंपरेने या वैदर्भीय घराण्यात पोहोचली होती.

‘बीजपल्लवा’चे मोल त्यातल्या उपपत्तींमध्ये आहे. उपपत्ती म्हणजे नियम खरा का, याचे सयुक्तिक विवरण. ऋणत्व देशाने, कालाने आणि वस्तूने असे तीन प्रकारांनी संभवते, असे कृष्ण दैवज्ञ सांगतात : एक दिशा धन मानली तर उलट दिशा ऋण, पुढचा काळ धन मानला तर मागचा ऋण, आणि आपल्या मालकीचे ते धन मानले तर देणे ते ऋण. हाच विचार मेहकरला लावून पाहता येतो. मेहकर हे मूळ स्थान धरून मालेगावच्या, म्हणजे पूर्वेच्या, दिशेची अंतरे धन आणि सिंदखेडराजाच्या, म्हणजे पश्चिमेच्या, दिशेची अंतरे ऋण मानली, एक वाटसरू पूर्वेस १२ कोसांवर आणि दुसरा पश्चिमेस ८ कोसांवर आहे असे समजले, तर दोघांमधील अंतर काढण्यासाठी धन १२ मधून ऋण ८ वजा करावे लागतात आणि उत्तर २० येते. ऋण वजा केले की ते धन होऊन मिळते, हा नियम येथे पाठांतराचा न राहता डोळ्यांना दिसतो. भास्कराचार्यांना लोकांच्या प्रत्ययाची जी अडचण वाटली होती, तिच्यावरचा हा विचारपूर्वक उतारा होता.

या टीकांचा प्रवास दूरवर झाला. भास्कराचार्यांचे बीजगणित शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्ला रशीदी यांनी फारसीत नेले, आणि औरंगाबादच्या बिबी का मकबऱ्याचे स्थापत्यकार अताउल्ला ते हेच, असे मानले जाते. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा तळटीपांत सूर्यदास आणि कृष्ण दैवज्ञ यांची विवरणे ठिकठिकाणी दिली, आणि पाथरी व दधिग्रामच्या घराण्यांची विद्या अशा रीतीने युरोपच्या गणितज्ञांपुढे गेली. नागपुरात लीलावती आणि बीजगणित शिकलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि त्यांच्या हातून जुन्या बीजगणिताची युरोपीय गणिताशी सांगड घातली गेली.

दरम्यान चिन्हांची दुसरी परंपराही विकसित झाली होती. भास्कराचार्यांच्याच शतकात बगदादचे अस-समवअल बहुपदीचे सहगुणक कोष्टकात मांडून, रिकाम्या घराला शून्य देऊन भागाकार करीत होते, आणि युरोपात देकार्त यांनी १६३७ मध्ये अक्षराच्या डोक्यावर घातांक लिहिण्याची आजची रीत रूढ केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास डी मॉर्गन यांचे बीजगणित मराठीत आल्यावर ही चिन्हे मराठी शाळांत स्थिरावली. आजच्या नववीच्या पुस्तकातल्या सहगुणक रूपात वरचे उदाहरण (१, ०, −२, −४००, −९९९९) असे लिहिले जाते. भास्कराचार्यांच्या ओळीत घनाचे पद नव्हते आणि त्याच्यासाठी शून्यही लागत नव्हते, कारण प्रत्येक संख्येबरोबर तिची जात सांगणारी खूण होतीच. सहगुणक रूपात खूण गळून केवळ क्रमाने घात ओळखायचा असतो, म्हणून घनाच्या जागेचे शून्य अपरिहार्य ठरते. संश्लेषक भागाकारात हेच शून्य लिहायचे राहिले की पुढची सारी पदे एकेक जागा सरकतात आणि उत्तर चुकते.

विद्यार्थ्याला हे शून्य लिहिण्याची सक्ती करून शिक्षकाचे काम संपत नाही. ते का लिहायचे आणि न लिहिल्यास काय बिघडते हे सांगितले, तरच बहुपदी त्याची स्वतःची होते. नियमामागे उपपत्ती मागण्याची ही शिस्त वऱ्हाडच्या गणितींनी चारशे वर्षांपूर्वी ग्रंथबद्ध केली होती, आणि मेहकरपासून पाथरीपर्यंतच्या आजच्या वर्गांमध्ये ती परत आणणे, हाच त्या वारशाचा खरा उपयोग होय.