शापूरकर नक्की कुठले? एका ज्यू आडनावाचा माग

मी शेणव्यातून बोलतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. लोकलने यायचं तर कसारा लाइनवर आसनगावला उतरा, तिथून शहापूर, आणि मग शेणवा. पत्ता एवढा बयाजवार सांगतोय, कारण आजचा सगळा भागच पत्त्यांचा आहे. फक्त हे पत्ते आडनावात लपलेले आहेत.

आजचं आडनाव आहे शापूरकर. हे ऐकल्यावर आमच्या तालुक्यातला कुणीही म्हणेल, "अरे, हा तर आपलाच!" घाईत बोलताना शहापूरचं शापूर होतंच ना. पण हे महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांचं एक जुनं, मानाचं आडनाव आहे. मग हे शापूरकर आमच्या शहापूरचे का? चला, शोधूया.

आधी माणसं कोण ते बघू

महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना बेने इस्रायल म्हणतात. अर्थ सरळ आहे, इस्रायलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावातच पुरलं. वाचलेले तिथेच राहिले, वाढले, आसपासच्या गावांत पसरले.

पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. पण शनिवारी घाणा बंद. ज्यू धर्मात शनिवार हा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस. गावाने बघितलं की हे तेली शनिवारी काम करत नाहीत, म्हणून त्यांचं नाव पडलं शनवार तेली. गावाला त्यांचा धर्म कळला नसेल, पण सुट्टीचा वार बरोबर कळला होता!

ही माणसं घरात मराठी बोलायची. नावंही मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी झाला. आणि आडनावाच्या शेवटी आला आपला ओळखीचा 'कर'.

'कर' कधी लागतो?

किहीमचे ते केहिमकर. पेणचे पेणकर. रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, नागावचे नागावकर, नवगावचे नवगावकर. चौलला जुन्या बोलण्यात चेऊल म्हणत, म्हणून चेऊलकर. अशी गावावरून आलेली बेने इस्रायल आडनावं शंभराहून जास्त आहेत. आता फोनवर नकाशा उघडा आणि ही गावं एकेक करून टाका. बघा, टाचण्या कुठे पडतात ते. सगळ्या पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. पूर्वी याला कुलाबा जिल्हा म्हणायचे. नवगावच्या जहाजाची दंतकथा खरी असो वा नसो, ही माणसं कुठे राहत होती याचा नकाशा त्यांच्या आडनावांनी जपून ठेवला आहे.

'कर' ही काही ज्यूंची खासियत नाही. गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर झालेच की. एकाच गावचा हिंदू आणि ज्यू, दोघंही त्याच गावाचा 'कर' लावू शकतात. फरक कळतो तो पहिल्या नावावरून. डेव्हिड असेल, शलोम असेल, तर अंदाज येतो.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव लागत नाही. शेणव्यात मला कुणी शेणवेकर म्हणणार नाही, कारण इथे सगळेच शेणव्याचे. आमच्याकडे विशे, भोईर, पाटील असली नावं चालतात. किहीमच्या माणसाला केहिमकर कधी म्हणतील? तो किहीम सोडून दुसरीकडे गेला की मगच. नव्या गावात कुणीतरी विचारतं, "हे कोण?" उत्तर येतं, "ते किहीमचे." आणि ते चिकटतं. म्हणजे 'कर' हे गाव सोडणाऱ्याचं आडनाव आहे. आडनावात जे गाव असतं ते मागे राहिलेलं गाव असतं.

आता आपला शापूरकर

बेने इस्रायलांची दुसरी मोठी कथा डेव्हिड रहाबी नावाच्या माणसाची. तो बाहेरून कोकणात आला. त्याला ही शनिवार पाळणारी माणसं दिसली आणि शंका आली की हे आपलेच तर नाहीत? असं सांगतात की त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे बाजूला काढले, बाकीचे नको म्हणाल्या. ज्यू धर्मात पर-खवले नसलेला मासा चालत नाही. रहाबीची खात्री पटली. मग त्याने धर्मविधी शिकवायला तीन माणसं निवडली. ही तीन घराणी म्हणजे झिराड, राजपूरकर आणि शापूरकर. पुढे त्यांना काजी म्हणू लागले. लग्न लावणं, तंटे सोडवणं ही त्यांची कामं. शापूरकर मानाचं आडनाव म्हणालो ते यासाठी.

आता तपास सोपा आहे. झिराड हे गाव अलिबाग तालुक्यात आहे. समाजाची बाकीची गावं त्याच पट्ट्यात. आणि त्याच अलिबाग तालुक्यात, पोयनाडच्या बाजूला, शहापूर नावाचं गाव आहे! आमचं शहापूर सह्याद्रीच्या बाजूला, नाशिकच्या वाटेवर. समाजाचं सगळं जुनं गणगोत समुद्राकडे असताना एकच घराणं कसाऱ्याच्या वाटेवरून आलं असेल, हे पटत नाही. शापूरकर अलिबागकडचे. आमचा दावा फेटाळला गेला, मंडळी!

यातून एक कानमंत्र घ्या. एकट्या आडनावावरून गाव ठरवायचं नाही. शहापूर म्हणजे शहाचं गाव, अशी शहापुरं महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही बरीच आहेत. दिवेकर घ्या. दिवेआगर श्रीवर्धन तालुक्यात, दिवे-अंजूर आमच्याच जिल्ह्यात भिवंडीकडे, आणि पुण्याचा दिवे घाट सगळ्यांना माहीत आहे. गाव ओळखायचं तर त्या आडनावाचे सोयरे बघायचे. लग्नं कुणाशी होतात, त्यांची आडनावं कुठली. दहा आडनावं एका पट्ट्यात पडली की अकरावंही तिथेच शोधायचं.

दुसरा प्रश्न, हे कधी घडलं? समाजाच्या परंपरेत रहाबी काही शतकं मागे, थेट हजारेक वर्षांपूर्वीपर्यंत जातो. कोचीत मात्र 18व्या शतकात डेव्हिड एझिकेल रहाबी नावाचा ज्यू व्यापारी होऊन गेला, आणि बरेच इतिहासकार ही कथा त्याच्या काळाशी जोडतात. मला वाटतं, इथे आडनावांचाही विचार करायला हवा. गोष्ट जुनी असली तरी सांगणारे आपल्या काळातली आडनावं त्यात घालतात. तीन माणसं गावातच राहत असतील, तर तेव्हा त्यांना झिराड किंवा शापूरकर म्हणायची गरज कुणाला होती? ही नावं पुढच्या पिढ्यांनी, गाव सोडल्यावर, मागे वळून बघताना लावली असावीत.

गाव सोडलं आणि आडनाव निघालं फिरायला

18व्या शतकात मुंबई वाढू लागली आणि कोकणातले बेने इस्रायल तिकडे निघाले. इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यातले एक. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटून आले आणि 1796 मध्ये मुंबईत मांडवी भागात बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, बांधलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणायचे. मध्य रेल्वेवरच्या मशीद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. पुढच्या वेळी सीएसएमटीला जाताना आठवा.

ठाण्यातही समाज स्थिरावला आणि 1879 मध्ये तिथे सिनेगॉग उभं राहिलं. आज समाजाची मोठी वस्ती ठाण्यातच आहे. म्हणजे शापूरकर मूळचे आमच्या तालुक्यातले नसले, तरी समाजाचं आजचं घर आमच्याच जिल्ह्यात आहे.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे ती सर एली कदूरी शाळा झाली, माझगावला. त्यांनीच समाजाचा इतिहासही लिहिला. लिहून झाला 1897 मध्ये, छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं! तोवर केहिमकर हयात नव्हते. आज बेने इस्रायलांवर लिहिणारा प्रत्येक जण त्या पुस्तकापाशी येतोच.

वरळीचा डॉ. ई. मोझेस मार्ग माहीत असेल. हे एलायजा मोझेस राजपूरकर, 1937 साली मुंबईचे महापौर. पाटीवर राजपूरकर गळलं, मोझेस उरलं. जुन्या सिनेमातले हसरे चरित्र अभिनेते डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर फक्त डेव्हिड. 1916 मध्ये लोकमान्य टिळकांच्या बाजूने जिनांच्या सोबत उभे राहिलेले एक वकील एरुलकर होते. आणि सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष ग्लाफकोस क्लेरिडीस यांच्या पत्नी लिला या माहेरच्या एरुलकर! कोकणातला 'कर' भूमध्य समुद्रातल्या एका देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात पोचला.

आणि मग इस्रायल

1948 ला इस्रायल देश झाला. तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. त्यातले बहुतेक पुढच्या काही दशकांत तिकडे गेले. अश्दोद, दिमोना, लोद, बेरशेवा या शहरांत आज पेणकर आणि नवगावकर सापडतील. गंमत बघा, हिब्रू भाषेत 'कर' या शब्दाचा अर्थ थंड. वाळवंटातल्या दिमोनात राहून आडनावाच्या शेवटी थंड!

पण तिथे स्वागत गोड झालं नाही. 1960 नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नांबाबत अट घातली. आई-आजी-पणजी ज्यूच होत्या का, हे तपासल्याशिवाय इतर ज्यूंशी लग्न लावायचं नाही. विचार करा. ज्या माणसांनी कोकणात कुणी विचारत नसताना शनिवार पाळला, त्यांना आपल्या माणसांत गेल्यावर विचारलं गेलं, तुम्ही खरे कोण? केहिमकर म्हटलं की किहीम कळतं, शापूरकर म्हटलं की अलिबागकडचं शहापूर कळतं. एवढा नेमका पत्ता नावात घेऊन फिरणारी माणसं, आणि त्यांचीच ओळख संशयित ठरली. लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरली. शेवटी 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि ती अट मागे घ्यावी लागली.

इकडे भारतात आता सगळे मिळून साधारण चार-पाच हजार ज्यू उरलेत. बहुतेक बेने इस्रायलच. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कोकणातल्या कित्येक गावांत आता एकही ज्यू घर नाही. गावात माणूस नाही, पण माणसाच्या नावात गाव आहे.

हे ऐकून मला आमचाच तालुका आठवतो. भातसा धरणात इथली गावं गेली, तिथलं पाणी मुंबईला जातं. धरणग्रस्त आपापल्या जुन्या आडनावांनीच दुसरीकडे गेले. त्यांच्या नावात बुडालेल्या गावाची खूण नाही. नातवंडांना ते गाव कुठल्या नकाशावर दिसणार? शापूरकरांच्या पणतूला निदान एक धागा तरी आहे, ओढला की अलिबागपर्यंत पोचता येतं.

म्हणून एक काम सांगतो, पाच मिनिटांचं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आज तीन प्रश्न विचारा. आपण या गावात कुठून आलो? ते गाव कुठल्या तालुक्यात? आणि सोयरिकी कुठल्या गावांशी व्हायच्या? फोनवर रेकॉर्ड करा. तालुका विचारायला विसरू नका. शहापुरं बरीच आहेत!

उत्तरं मिळाली की व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर राम राम, आणि बेने इस्रायल मंडळींना शालोम!