दार कधी उघडायचं? एका गेंड्याच्या बाळंतपणाची ११२ वर्षं

प्राणिसंग्रहालयात पिल्लू जन्मलं की आपल्याकडे बातमीचा मथळा जवळजवळ ठरलेला असतो: 'अमुक ठिकाणी पाळणा हलला'. सोबत एक फोटो, नाव काय ठेवायचं याची चर्चा, गर्दी वाढल्याची एक ओळ. पाळणा हलण्याआधी पिंजऱ्यात नेमकं काय बदललं, हे मात्र त्या बातमीत क्वचितच सापडतं. आज मी ज्या प्राण्याबद्दल लिहितोय, त्याच्या बाबतीत सगळी गोष्ट तिथेच दडलेली आहे.

प्राणी म्हणजे सुमात्रन गेंडा. काझीरंगातला एकशिंगी गेंडा डोळ्यासमोर आणू नका. हा दोन शिंगांचा, अंगावर लालसर केस असलेला आणि सगळ्या गेंड्यांत आकारानं लहान. एके काळी तो आसाम, चितगाव, ब्रह्मदेशापासून थेट सुमात्रा-बोर्निओपर्यंत होता. आज तो फक्त इंडोनेशियात उरलाय आणि ताजे अंदाज पन्नासच्या आतच थांबतात.

गोष्ट सुरू होते कलकत्त्यात. अलिपूरचं प्राणिसंग्रहालय १८७६ मध्ये सुरू झालं. तिथला कारभार पाहत होते रामब्रह्म सान्याल. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडावं लागलेला हा माणूस पुढे तिथला अधीक्षक झाला. १८९२ मध्ये त्यांनी बंदिवासातल्या प्राण्यांच्या देखभालीवर इंग्रजीत एक हस्तपुस्तिका लिहिली. कुठल्या जातीला काय खायला द्यायचं, निवारा कसा हवा, आजार कोणते, वीण होते का, असा सगळा तपशील त्यात आहे. तर या अलिपूरमध्ये १८८९ च्या जानेवारीत सुमात्रन गेंड्याच्या मादीला पिल्लू झालं. त्याआधी १८७२ मध्ये लंडनच्या गोदीत एक मादी व्यायली होती, पण ती जंगलातून पकडली तेव्हाच गाभण होती. बंदिवासातच गर्भ राहिला आणि पिल्लू जन्मलं, असं पहिल्यांदा घडलं ते कलकत्त्यात.

आणि मग पुढची ११२ वर्षं कुठेच काही नाही!

हे वाचून मला सुरुवातीला वाटलं होतं की सान्यालांकडे काहीतरी गुपित असणार आणि ते पुढच्यांनी हरवलं. आता तसं वाटत नाही. 'हार्मोन' हा शब्दच १९०५ मध्ये आला, अल्ट्रासाउंड तर फार पुढची गोष्ट. नर-मादी एकत्र होते, जमलं, एवढंच बाहेरून दिसणार. ते का जमलं हे वाचायचं साधनच तेव्हा कुणाकडे नव्हतं. गर्भकाळाचं पाहा ना. पुस्तकांतून कित्येक वर्षं सात-आठ महिने असा आकडा फिरत होता. प्रत्यक्षात तो निघाला जवळजवळ सोळा महिने!

१९८० च्या दशकात जंगलं झपाट्यानं तुटायला लागली, तेव्हा ठरलं की उरलेले गेंडे पकडून त्यांची वीण करायची. १९८४ पासून साधारण बारा वर्षांत चाळीस गेंडे पकडले गेले. मलेशिया, इंडोनेशिया, ब्रिटन आणि अमेरिकेत त्यांची वाटणी झाली. निकाल भयंकर होता. एकामागून एक प्राणी मेले आणि पिल्लू एकही नाही. अमेरिकेत गेलेल्या सातांपैकी तीनच वाचले.

का मेले? एक कारण अगदी ताटातलं होतं. गेंडा म्हणजे गवत खाणारा, असं धरून त्यांना वाळका चारा दिला जात होता. पण हा गेंडा पाला खाणारा आहे. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातला नर इपू तर मरणाच्या दारात होता. त्याच्यापुढे फायकसचा पाला, म्हणजे आपल्या वड-उंबराच्या कुळातल्या झाडांचा पाला टाकला आणि तो उठून खायला लागला. पुढे हा पाला कॅलिफोर्नियातून विमानानं मागवला जाई. दुसरी अडचण डोळ्यांची. दाट सावलीत राहणारा प्राणी उघड्या आवारात उभा केला की उन्हानं डोळे बिघडायचे. मग आवारावर सावलीसाठी छत आलं. आपण 'पिंजरा मोठा केला' या बातमीवर खूश होतो, पण इथे मोठ्या जागेपेक्षा अंधारी जागा जास्त कामाची होती.

आता मुख्य प्रश्न. हे प्राणी एकलकोंडे आहेत. नर-मादी एकत्र सोडले तर मारामारी, आणि तीही जीवघेणी. म्हणून त्यांना वेगळं ठेवायचं आणि मादी माजावर आली की मधलं दार उघडायचं. पण ती माजावर आलीय हे कळणार कसं? बाहेरून काहीच दिसत नाही. १९९६ मध्ये सिनसिनाटीत आलेल्या टेरी रॉथ यांनी एमी नावाच्या मादीचं नियमित अल्ट्रासाउंड आणि रक्तातल्या हार्मोनची मोजणी सुरू केली. अंडाशयात बीजपुटक वाढताना दिसायचं, पण बीज बाहेर पडतच नव्हतं. सगळे चक्रावले.

उत्तर असं निघालं की या मादीत बीज आपोआप सुटत नाही. समागम झाला तरच सुटतं, मांजर किंवा सशासारखं. म्हणजे पेच बघा: नराशी गाठ पडल्याशिवाय चक्र नीट दिसत नाही, आणि चक्र दिसल्याशिवाय गाठ घालून देणं धोक्याचं. त्यावर तोडगा म्हणून बीजपुटकाचा आकार मोजायचा, तो ठरावीक मापाला पोचला की त्या दिवशी दार उघडायचं. कित्येक वर्षांच्या संशोधनाचं सार म्हणाल तर एका दाराची वेळ!

तरी पाळणा हलला नाही. एमीचे पाच गर्भ टिकले नाहीत. सहाव्या वेळी तिला प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन रोज तोंडावाटे देत राहिले. ४७५ दिवसांनी, १३ सप्टेंबर २००१ ला अंदालास जन्मला, वजन सुमारे ३३ किलो. (दोनच दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये काय झालं होतं ते आठवा, बातमीला जागा किती मिळाली असेल!) पुढे एमीला २००४ मध्ये सुची आणि २००७ मध्ये हारापान झाले.

याच काळात मलेशियातल्या सुंगाई दुसून केंद्रात २००३ मध्ये काही आठवड्यांत पाचही गेंडे दगावले. म्हणून सिनसिनाटीचं यश सांगताना मला जरा जपून बोलावंसं वाटतं. ज्ञान मिळालं खरं, पण फार महागात.

अंदालासला २००७ मध्ये सुमात्राच्या वे कांबास अभयारण्यात नेलं. तिथे सिमेंटचं आवार नाही, कुंपण घातलेलं खरं जंगल आहे. दाराचं तंत्र मात्र तेच. २३ जून २०१२ ला त्याला आणि रातू या मादीला आंदातू झाला. कलकत्त्यानंतर आशियात बंदिवासातला हा पहिलाच जन्म. २०१६ मध्ये त्याच जोडीला दलीला झाली.

आणि इथे एक अवघड गोष्ट येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये दलीला स्वतः आई झाली. बंदिवासात जन्मलेल्या सुमात्रन मादीला पिल्लू होण्याची ही पहिलीच वेळ. सगळीकडे आनंद झाला, मलाही झाला. पण पिल्लाचा बाप कोण? हारापान, म्हणजे अंदालासचा सख्खा धाकटा भाऊ, दलीलाचा काका. इंग्रजी बातम्यांत हे नातं पटकन लक्षात येत नाही, मराठीत 'काका' म्हटलं की चमकायला होतं. काका-पुतणीच्या संततीत सदोष जनुकं एकत्र येण्याचा धोका वाढतो, हे शास्त्रज्ञांना माहीत नव्हतं असं नाही. पण केंद्रातले नर सगळे तिच्या जवळच्या नात्यातलेच होते. मादीला फार काळ गर्भ राहिला नाही तर गर्भाशयात गाठी होतात आणि ती कायमची वांझ होऊ शकते, म्हणून वाट पाहणंही परवडणारं नव्हतं.

आता जंगलातून नवे प्राणी पकडून केंद्रात आणायचे का, यावर वाद चालू आहे. एक बाजू १९८४ नंतरचे मेलेले गेंडे दाखवते. दुसरी बाजू म्हणते की जंगलात उरलेले इतके विखुरलेत की नराला मादी भेटतच नाही, आणि न भेटलेल्या माद्या वांझ होत चालल्यात. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण पाला, सावली आणि दाराची वेळ या तीन गोष्टी आज आपल्याला माहीत आहेत, १९८४ मध्ये त्या नव्हत्या. मात्र त्या चाळीस गेंड्यांची यादी समोर ठेवली की हे वाक्य तितक्या ठामपणे लिहवत नाही.