वाघिणींचा इतिहास

ब्रिटिश रेल्वेची प्रतिकृती म्हटली की वाफेचे इंजिन आठवते. पण इतिहास म्हणून अधिक मोलाची आहे ती डिझेल काळातली मालगाडी. 1968 च्या ऑगस्टमध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली. त्याआधीच 'मेरी-गो-राउंड' गाड्या खाणीतून वीजकेंद्राकडे कोळसा नेऊ लागल्या होत्या. केंद्रात गाडी थांबत नसे. ती संथ सरकत राही, वाघिणींची तळाची दारे आपोआप उघडत आणि कोळसा खाली पडे. हौशी कारागीर हे सारे 1:76 प्रमाणात उभे करतात, वाघिणीवरच्या गंजासकट.

हा स्मरणरंजनाचा खेळ आहे, शिवाय प्रचलित 16.5 मिलिमीटर अंतरावरचे रूळ प्रमाणाहून अरुंद आहेत, असा आक्षेप येतो. दुसरा भाग खराच आहे. म्हणून तर काटेकोर मंडळी 18.83 मिलिमीटरवर रूळ टाकतात, आणि इतकी चिकाटी निव्वळ खेळासाठी कोणी दाखवत नाही. आणि या प्रतिकृतीला पर्यायही नाही: जतन केलेले रेल्वेमार्ग मुख्यतः प्रवाशांच्या तिकिटांवर चालतात, त्यामुळे कोळशाच्या वाघिणींची पूर्ण रांग तिथे क्वचितच दिसते. वीजकेंद्राकडे जाणारी तर ती प्रत्यक्षात आता दिसणारच नाही: 30 सप्टेंबर 2024 रोजी रॅटक्लिफ हे ब्रिटनचे शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र बंद झाले.